दांगिरची उरलेली गोष्ट

२७ ऑक्टोबर, सोमवार

आढावा आठवडा सुरू! म्हणजे परीक्षा माझी, नाव विद्यार्थ्यांचं.

निम्मं सत्र संपलं. 'पुराणकथा आणि कथनकला' ह्या आमच्या ऑनलाइन वर्गात आता प्रत्येकाने पडद्यासमोर बसून एक गोष्ट सांगायची. न वाचता. गोष्ट जुनी हवी, घरातल्या नाहीतर गावातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेली हवी, आणि कुणाकडून ऐकली ते सांगता आलं पाहिजे. नियम माझाच. यंदा प्रत्येक तासाला राजधानीतून, बिश्केकहून रोझा मुकाशेव्ना हजर — कॅमेरा बंद, काळ्या चौकोनात नुसतं नाव. हा अभ्यासक्रम चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते बाई ठरवणार. त्या चौकोनाकडे बघत शिकवायचं म्हणजे पाठीवर गार हात ठेवल्यासारखं वाटतं.

पहिला इलिम. छान सांगत होता, फारच छान! शब्द न् शब्द घासूनपुसून ठेवलेला. मग त्याचे डोळे दिसले — डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे.

"इलिम, जरा भिंतीकडे बघून सांग."

डोळे थांबले. मग मला सगळे म्हणतात तसं एजे, म्हणजे ताई, म्हणत बिचारा खरं बोलला, "एजे, भिंतीवर काही लिहिलेलं नाहीये."

हसू दाबताना ठसका लागला मला. पुन्हा गुरुवारी ये म्हटलं, आजोबांना विचारून ये.

दोलोत मॉस्कोत टॅक्सी चालवतो. गाडी कडेला लावून सांगत होता. मागच्या दारावर कुणीतरी टकटक केलं तर त्याला म्हणतो, "दोन मिनिटं, राक्षस मेला की निघू!" त्याला चांगले गुण देणार. रोझाबाई काही म्हणोत.

लॅपटॉप कपाटावर ठेवून शिकवते, त्यावरून बाबांचं रोजचं सुरूच. "कपाटाशी बोलायचा पगार देतात तुला." ऐंशी उलटली, कान गेले म्हणतात, पण माझा तास चालू असला की रेडिओ बारीक करतात. ऐकत असतात. कबूल करणार नाहीत.

बर्फ पडलं थोडं. कोळसा अजून यायचाय.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अक्षर बघ कसं येतंय.

आज बेगिमाय होती. तलासकडची पोर, घेवड्याच्या शेतांमधलं गाव. सहा आठवडे वर्गात जेमतेम दोनदा बोलली असेल. घरात नेट येत नाही म्हणून गोठ्याच्या दाराशी उभी, मागे गाय. मी म्हटलं कर सुरू.

तिने सुरू केलं —

"एका खिंडीत दांगिर राहायचा."

मी पेन खाली ठेवलं.

"दांगिर म्हणजे खिंडीतला प्रतिध्वनी. त्याच्याजवळ स्वतःचा एकही शब्द नव्हता. कुणी हाक मारली की हाकेचं शेपूट तेवढं त्याच्या वाट्याला यायचं, तेच खाऊन जगायचा. त्या खिंडीत एक मेंढपाळ होता. एका पायात लोकरीचा बूट, दुसऱ्या पायात रबरी. त्याला दांगिरची दया यायची, म्हणून तो दिवसभर उगाचच ओरडायचा. काहीही! 'ए डोंगरा!' 'ए ढगा!' — म्हणजे दांगिर उपाशी राहू नये. मग एका थंडीत मेंढपाळाचा घसा बसला. आवाजच फुटेना. दांगिर उपाशी. दोन दिवस वाट बघितली आणि मग निघाला खाली गावात — मेंढपाळासाठी आवाज मागून आणायला…"

इथे बेगिमाय थांबली. गायीने मान हलवली. मग म्हणाली, "आणि तो अजून परत आलेला नाही. म्हणून कधी खिंडीत हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर घाबरायचं नाही. दांगिर गावात गेलाय. शोधतोय."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ही गोष्ट जुनी नाही. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या संग्रहात नाही. ही माझ्या भावाने रचली. कुबातने. नऊ वर्षांचा होता, उन्हाळ्यात वरच्या कुरणावर, मेंढ्या राखताना. एका पायात लोकरीचा बूट आणि एका पायात रबरी — तो तोच! दुसरा बूट ओढ्यात वाहून गेला होता आणि आईला सांगायची हिंमत नव्हती. 'दांगिर' हा शब्द कुठल्या भाषेत नाही. आमच्या दोघांचा होता.

फक्त शेवट हा नाही. शेवट वेगळा होता.

मी विचारलं, "बेगिमाय, कुणाकडून ऐकलीस?"

"आमच्या शेजारच्या काकांकडून, एजे. आम्ही लहान होतो तेव्हापासून सांगतात. मधमाश्या पाळतात ते. गावात नारीनवाला म्हणतात त्यांना."

नारीनवाला! नारीन, म्हणजे आमचंच गाव!

२९ ऑक्टोबर, बुधवार

झोप नाही. पहिले दोन तास कसे घेतले आठवत नाही.

लिहूनच काढते. कुबात माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. बाबांनी त्याला आपल्याच कामावर लावून घेतलं होतं — दोलोनच्या घाटात रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी. बाबांचं सगळं आयुष्य त्या घाटात गेलं, मुलाचंही तसंच जावं असं त्यांना वाटायचं. एक दिवस कुबात कामावर गेला आणि घरी आलाच नाही. रशियाला निघून गेला, न सांगता. बाबा म्हणाले, घाट ओलांडून गेला तो गेला. नाव काढायचं नाही.

त्याचा पहिला फोन आला तेव्हा मी बिश्केकला शिकवत होते. आईने नंतर सांगितलं. बाबांनी रिसीव्हर उचलला, आवाज ओळखला, टेबलावर आडवा ठेवला आणि जेवत राहिले. आतून कुबात बोलतोय, बोलतोय — चिमणीएवढा आवाज — आणि हे रश्श्यात नान बुडवून खातायत. आईने धावत जाऊन उचलला. पुढे तो आईलाच करायचा, बाबा घरी नसताना. तिकडच्या सुरगुतहून, मग आणखी उत्तरेकडून कुठून तरी. मग बंद. आईने वाट बघितली आणि सहा वर्षांपूर्वी तीही गेली. मी काय कमी शोधलं? वकिलातीत पत्रं, इंटरनेटवर फोटो, येणाऱ्या-जाणाऱ्या मजुरांना विचारणं, आणि घरी, त्याचं नाव न काढता, बाबांना बोल लावणं. काही नाही.

आणि हा तलासमध्ये मध काढतोय! ह्याच देशात! दोन घाट ओलांडले की झालं!

राग येतो. मग हसू येतं. मग पुन्हा राग.

दुपारी रोझाबाईंचा फोन. "सालिमा, ती कालची मुलगी. मी तीन संग्रह चाळले. असली कथा नाही. एकतर तिने रचलीय, नाहीतर यंत्राकडून लिहून घेतलीय. नियम तुमचाच आहे."

मी म्हणू शकले असते की ऐकलीय मी कुठेतरी. तसं म्हटलं नाही. सरळ सांगितलं — माझ्या भावाने रचलीय, लहानपणी.

"मग प्रश्नच मिटला. परंपरेतली नाही. नापास."

"मी ती त्याच्या तोंडून ऐकली. तिने गावातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकली. मधे ती किती डोंगर फिरून आली, शेवट बदलून आली. अजून काय असतं हो परंपरा म्हणजे? पहिल्यांदा कुणीतरी सांगितलेलीच असते ना प्रत्येक?"

मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाल्या, "कुठे असतो तुमचा भाऊ?"

"माहीत नाही. बावीस वर्षं झाली."

"माझा थोरला मुलगाही रशियात आहे, ट्युमेनला," बाई म्हणाल्या. "रविवारी फोन करतो. करायचा." आणि मग एकदम कोरड्या आवाजात, "पास करा. शेऱ्यात लिहा, मौखिक स्रोत."

लगेच लिहून टाकलं. गुण आधी, मगच तिला काही विचारायचं. नाहीतर ते विचारणं राहणार नाही, मागणं होईल.

३० ऑक्टोबर, गुरुवार

इलिम आला. आजोबांकडून आणलेली गोष्ट अर्धी विसरला, मधेच शेळीच्या जागी कोल्हा झाला, पण भिंतीकडे बघून सांगितली! शाबास.

तास संपल्यावर बेगिमायला थांबवलं. पोर घाबरली. "एजे, गोष्ट चुकली का माझी?"

"नाही गं. गुण दिलेत तुला, चांगले दिलेत. मला दुसरंच काही विचारायचंय. नाही वाटलं तर सांगू नकोस." आणि विचारलं. काका केवढे, दिसतात कसे, बायकामुलं?

चाळिशी उलटलेली. एकटे. रशियात लाकडाच्या कामावर होते, मग आले आणि आजोळच्या पडक्या घरात राहिले. स्वतःबद्दल बोलत नाहीत. पोरांना गोष्टी सांगतात, पोरं सोडत नाहीत. "आईला विचारलं मी, एजे. कागदावर त्यांचं नाव साबिर आहे म्हणे."

साबिर! असू दे. तिकडे किती जणांनी नावं बदलली, दुसऱ्याच्या कागदांवर किती जण राहिले. असू दे साबिर.

तासाभरात तिचा निरोप. धावत गेली असणार. "एजे, मी त्यांना तुमचं नाव सांगितलं. ते मधमाश्यांची पेटी उघडून बसले होते, हात तसाच राहिला. म्हणाले, 'सालिमा? नारीनची सालिमा? शिकवते?' मी हो म्हटलं. मग म्हणाले, शनिवारी बोलतो. माझ्या फोनवरून."

मी स्वयंपाकघरात नाचले. खरंच नाचले! पन्नाशीला दोन कमी असलेली बाई, हातात कणकेचं भांडं!

मग बाबांना सांगितलं. चुलीपाशी बसले होते. सगळं सांगितलं — गोष्ट, बूट, नारीनवाला, शनिवार. बावीस वर्षांत पहिल्यांदा ह्या घरात त्याचं नाव मोठ्याने घेतलं.

बाबांनी चुलीचं दार लावलं. मग म्हणाले, "नको करू फोन."

"काय?"

"ज्याने यायचं तो येतो. नको उकरू, पोरी."

माझा तोल गेला. काय काय बोलले! रिसीव्हर टेबलावर ठेवलात तेव्हा जेवण गोड लागलं का? आई गेली दाराकडे बघत बघत, तेव्हा तरी वाटलं का काही? अजून किती वर्षं ताठ राहणार आहात, खाली मान घालायला माणूस तरी लागेल ना समोर!

बाबा उठले, टोपी घातली आणि अंगणात जाऊन बर्फ लोटत बसले. फार तर फार वीतभर बर्फ, आणि हे तासभर लोटतायत. खिडकीतून दिसत होते. मी हाक मारली नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आढावा संपला. रोझाबाईंनी शेवटच्या तासाला कॅमेरा लावला! गोल चेहरा, खांद्यावर शाल, हातात केवढा तरी मोठा चहाचा कप. माझ्या डोक्यात वेगळीच बाई होती. अभ्यासक्रमाचं काय ते पुढच्या महिन्यात कळेल म्हणाल्या. पण जाता जाता, "त्या दांगिरचा खरा शेवट काय हो?"

"उद्यानंतर सांगते," म्हटलं. उद्या तोच सांगेल, तर मी का सांगू?

बाबांशी बोलणं नाही. दिवसभर दोघं भांडी आपटून बोललो.

संध्याकाळी बाजारातून आले तर बाबांनी दाढी केलेली. हनुवटीला कापलं होतं. म्हणाले, "उद्या मी बसेन तुझ्याजवळ."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"पडद्यात नको घेऊ मला. बाजूला बसेन."

मग मात्र रडले. भांडी घासता घासता, नळ मोठा सोडून. बाबा शेवटी वाकले म्हणायचे! मनातल्या मनात कालचे शब्द परत घेतले, तोंडाने घेता आले नाहीत.

१ नोव्हेंबर, शनिवार

कुबात नव्हता.

आधी बेगिमाय दिसली, मग तिने फोन दुसऱ्याच्या हातात दिला. रुंद चेहरा, पिकलेल्या मिश्या, एक डोळा जरा मिटका. मी त्या चेहऱ्यात शोधत होते. बावीस वर्षं माणसाला काय करत नाहीत! कपाळ बघितलं, कान बघितले. कुबातचा डावा कान दुमडलेला होता.

"एजे," तो म्हणाला, "तुम्ही ज्याला शोधताय तो मी नाही."

साबिर हेच त्याचं खरं नाव. नारीनचा नाहीच तो. नारीनच्या पोराच्या गोष्टी सांगतो म्हणून नारीनवाला. तो आणि कुबात रशियात पार उत्तरेला, जंगलातल्या लाकूडतोडीच्या कामावर एका लोखंडी खोलीत राहायचे, आठ जण. कामावरून आल्यावर गडी दमून पडायचे आणि कुबात गोष्ट सांगायचा. रोज थोडी. "आमच्यात भांडण लागलं की फोरमन म्हणायचा, त्या नारीनवाल्याला बोलायला लावा रे."

त्या थंडीत कुबातला खोकला धरला. दांगिर गावाकडे निघाला तिथे गोष्ट आली आणि त्याला ढास लागली. उद्या सांगतो म्हणाला. सकाळी ताप. डॉक्टरपर्यंत पोचायला ट्रक मिळेना, मिळाला तर रस्ता बंद. फुफ्फुसं भरली. तिथेच पुरलं. साबिरने दगड गोळा करून रचले.

सोळा वर्षं झाली त्याला! सोळा वर्षं मी तिकडून येणाऱ्या मजुरांना थांबवून फोटो दाखवतेय.

"कुणाला कळवलं का नाही रे?" मी ओरडलेच.

त्याने मान खाली घातली. "कळवलं होतं, एजे. ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगितलं होतं." त्या फोरमनला, नाहीतर कुठल्या कचेरीला सांगितलं असेल. कुणी तिथल्या तिथे दाबलं असेल. मला तेव्हा पुढे विचारायचं सुचलं नाही.

बाबा शेजारी होते. पडद्याकडे बघतच नव्हते. सगळा वेळ माझ्याकडे बघत होते.

मग साबिर म्हणाला, "एजे, एक विचारू? पोरं मागे लागायची, मग काय झालं, मग काय झालं. माझ्याकडे शेवट नव्हता. म्हणून म्हटलं, अजून आला नाही. पण तुम्हाला ठाऊक असेल ना? दांगिरचं पुढे काय झालं?"

सांगायचं कसं! पण सांगितलं. कुणीतरी सोळा वर्षं थांबलं होतं ऐकायला.

दांगिर गावात दारोदार फिरला. लोकांनी ज्याची त्यांना गरज नव्हती ते शब्द त्याच्या झोळीत टाकले. एका घरातून मिळालं 'जा'. दुसऱ्या घरातून मिळालं 'नाही'. बाकीच्यांनी दारच उघडलं नाही. दोन शब्द घेऊन तो खिंडीत परत आला. मेंढपाळ गळा धरून बसला होता. दांगिर त्याच्यासमोर उभा राहिला, ते दोन शब्द उलटेपालटे करून बघितले. असल्या शब्दांचं करायचं काय? मग जरा ताणून दोन्ही जोडले, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाच्याही आधी बोलला —

"जात नाही."

आणि मेंढपाळाच्या बसलेल्या गळ्यातून कसाबसा आवाज निघाला, "…नाही."

नऊ वर्षांच्या पोराला हे कुठून सुचलं!

साबिर पुन्हा पुन्हा म्हणत होता, "असं होय! असं होय!" मागे बेगिमाय रडत होती. पोरांना आता हाच शेवट सांगेन म्हणाला. मी म्हटलं, दोन्ही सांग.

फोन बंद केला. बाबांनी चहा केला. त्यांनी! मला साखर किती लागते तेसुद्धा ठाऊक नाही त्यांना. मी तसाच प्यायले. त्यांच्याशी काय बोलावं कळेना. काल शेवटी वाकले, दाढी करून बसले, आणि आज हे ऐकायला लागलं त्यांना. म्हातारा हे कसं सोसणार?

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बाबा म्हणाले, "साबिरचा आवाज बसलाय. पूर्वी खणखणीत होता."

मी म्हटलं, "तुम्ही कधी ऐकलात पूर्वी?"

"आला होता तो. त्याच वसंतात. तू बिश्केकला होतीस, आई आत झोपली होती. फाटकापाशीच सांगितलं त्याने. मी म्हटलं, बायकांना कळू देऊ नकोस."

"का, बाबा?"

"तुझी आई रोज मला शिव्या द्यायची, पोराला हाकललंत म्हणून. शिव्या देता देता उठायची, जेवायची, तो येईल म्हणून त्याची गादी उन्हात घालायची. ते सगळं थांबलं असतं."

"आणि आई गेल्यावर? मला तरी सांगायचं!"



"तूही देत होतीस की शिव्या," बाबा म्हणाले.